पद्मभूषण कै. वसंतरावदादा पाटील : ऊस, कारखाना आणि कृष्णामाईचे पाणी

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एका कीर्तिवंत पुरुषाचे अल्पचरित्र द्यावे, हा प्रघात आपण पाळीत आलो आहोत. यंदा त्या स्थानी आम्ही पद्मभूषण कै. वसंतरावदादा पाटील यांच्या चरित्राची योजना केली आहे. दादांच्या राजकारणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व पुढेही लिहिले जाईल. आमचा हेतू त्याहून मर्यादित आहे. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील आपल्या कितीतरी सभासद कुटुंबांची चूल उसावर पेटते. ज्यांना स्वतःची शेती नाही, त्यांचाही पगार, दुकानदारी किंवा मुलांचे शिक्षण यांचा धागा कोठे ना कोठे साखर कारखान्यापर्यंत जाऊन पोचतो. शेतात पीक काढणारा आणि त्या पिकापासून खाण्याचा जिन्नस तयार करणारा, या दोघांचे नाते कसे असावे, हा प्रश्न दादांनी आपल्या हयातीत हाती घेतला. त्यातील एक भाग त्यांनी सोडविला. दुसरा भाग आपल्यावर सोपवून ते गेले. तो हिशेब नीट मांडून पाहावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

बालपण आणि स्वातंत्र्यलढा

दादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. त्यांचे गाव पद्माळे. हे सांगलीलगतचे, मिरज तालुक्यातील, कृष्णाकाठचे लहानसे खेडे होय. आज आपण ज्यास सांगली जिल्हा म्हणतो तो त्या काळी अस्तित्वात नव्हता. सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचा मुलूख एकत्र करून १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा बनविण्यात आला, आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून सातारा व सांगली ही एकाच घरातून विभक्त झालेली भावंडे आहेत, हे पुढील मजकूर वाचताना वाचकांनी ध्यानी ठेवावे. नदी एक, माती एक आणि सुखदुःखेही बरीचशी एकच.

अगदी तान्हेपणीच दादांचे मातृपितृछत्र हरपले आणि आजीने त्यांचा सांभाळ केला. शिक्षण मराठी शाळेपलीकडे गेले नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या या पोरक्या मुलास पुस्तकांपेक्षा माणसांची शाळा अधिक लाभली. ज्या मनुष्याने पुढे १९८३ साली मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी देऊन खेड्यातील मुलांसाठी इंजिनियरिंगचे दार उघडले, त्याचे स्वतःचे शिक्षण एवढेच होते, हे आम्हां शिक्षकांस सदैव विचार करावयास लावणारे आहे.

१९४२ च्या आंदोलनात सातारा जिल्हा पेटून उठला. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले ते याच भूमीत. दादा सांगली परिसरात भूमिगत राहून काम करीत होते. पुढे ते पकडले गेले व सांगलीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. २४ जुलै १९४३ रोजी दादा आणि त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांवर मात करून भर दिवसा तुरुंगाबाहेर पडले. पाठलाग झाला, गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे दोन तरुण त्या दिवशी हुतात्मा झाले. दादांच्या खांद्यास गोळी लागली व ते पुन्हा पकडले गेले. दीर्घ मुदतीच्या शिक्षेतून त्यांची सुटका झाली ती १९४६ साली.

तुरुंग फोडण्याचे धाडस अनेकांच्या स्मरणात आहे. आम्हांस त्याहून मोठी वाटते ती सुटकेनंतरची गोष्ट. बंदूक खाली ठेवल्यावर करावयाचे काय, हा प्रश्न त्या पिढीतील पुष्कळांस पडला होता. दादांनी त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या हिशेबाच्या वहीत शोधले.

गुऱ्हाळ आणि अडत

त्या काळचा कृष्णाकाठचा ऊस बव्हंशी गुऱ्हाळात जात असे. शेतकरी चरकावर रस काढी, काहिलीत आटवी, गुळाचे रवे पाडी आणि गाडी भरून पेठेत आणी. सांगलीची पेठ गूळ व हळद यांसाठी नावाजलेली. पण पेठेत पोचलेला शेतकरी बहुधा मोकळा नसे. पेरणीच्या वेळी, लग्नकार्याच्या वेळी किंवा बैल मेला त्या वेळी अडत्याकडून उचल घेतलेली असे. साहजिकच माल त्याच्याच अडतीत घालावा लागे. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची जुनी रीत होती. ज्याचा माल त्यासच भाव शेवटी कळे. सगळेच अडते वाईट होते असे मुळीच नव्हे. अडीनडीला धावून येणारे, पिढ्यान्‌पिढ्या घरोबा राखणारे व्यापारीही होते. तथापि व्यवस्थाच अशी होती की, पिकविणाऱ्याच्या हाती भावाची दोरी कधी येतच नसे.

दुसरा मार्ग होता तो खासगी साखर कारखान्यांचा. १९३० नंतरच्या वर्षांत आपल्याच सातारा जिल्ह्यात, फलटणजवळ साखरवाडी येथे असा कारखाना उभा राहिला. नीरेच्या कालव्याचे पाणी आणि साखरेस मिळालेले सरकारी संरक्षण यांमुळे असे कारखाने दख्खनमध्ये निघाले. त्यांनी ऊसशेतीत नवे तंत्र आणले, हे नाकारता येणार नाही. परंतु अशा कारखान्यांची रीत शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतः ऊस करण्याची होती. जमिनीचा मालक आपल्याच रानाबाहेर उभा राहून खंडाच्या रकमेची वाट पाही. पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यान्वये या कारखान्यांची शेते सरकारने घेतली व १९६३ साली शेती महामंडळ स्थापन झाले, तो इतिहास निराळा.

तिसरा मार्ग दाखविला तो अहमदनगर जिल्ह्यातील लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटील यांनी. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने शेतकऱ्यांनी आपल्याच भागभांडवलातून उभारलेला प्रवरेचा कारखाना १९५० साली सुरू झाला. तेथे ऊस घालणारा आणि कारखान्याचा मालक एकच होता. ही वार्ता कृष्णाकाठी पोचण्यास वेळ लागला नाही.

सांगलीचा कारखाना

१९५२ साली दादा सांगलीतून विधानसभेवर निवडून आले. पुढेही लोकांनी त्यांस पुनःपुन्हा निवडून दिले. पण त्यांचे मन गुंतले होते ते शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत. १९५६ च्या सुमारास या कारखान्याची स्थापना झाली आणि दशक संपण्याच्या आत त्याच्या धुराड्यातून धूर निघू लागला. एका काळी हा कारखाना आशियातील मोठ्या सहकारी कारखान्यांत गणला जात असे.

आज कारखाना म्हटले म्हणजे आपणांस आयती उभी असलेली गोष्ट वाटते. म्हणून त्या वेळच्या अडचणीची कल्पना तरुण वाचकांस देणे अवश्य आहे. शेअरची रक्कम आज किरकोळ वाटेल. पण ज्याच्या घरात रोकड म्हणून दिसत नसे, त्यास ती एका बैलाच्या किमतीसारखी जड होती. अजून न दिसलेल्या यंत्रासाठी, ज्याने कारखाना कधी चालविला नाही अशा माणसाच्या शब्दावर, शेतकऱ्याने ती द्यावयाची होती. गावोगाव हिंडून, चावडीवर बसून, घराघरांतील माणसे ओळखून दादांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विश्वास गोळा केला. सभासदांचे भाग, सरकारचे भाग आणि वित्तसंस्थांचे कर्ज अशा तीन धारांनी भांडवल जमले. यांतील पहिली धार सर्वांत बारीक. पण तीच नसती तर उरलेल्या दोन आल्याच नसत्या.

या व्यवस्थेचे मर्म थोडक्यात सांगतो. सभासद आपल्या उसाची नोंद कारखान्याकडे करी. लागण कोणत्या महिन्यात, जात कोणती, क्षेत्र किती, हे कारखान्याच्या शेतकी खात्यास ठाऊक असे आणि त्यावरून तोडणीचा क्रम लागे. तोडलेला ऊस ताबडतोब गाळला नाही तर वजन घटते व साखर नासते. म्हणून शेत आणि यंत्र यांस एकाच घड्याळावर चालणे भाग पडते. पीककर्ज गावच्या सोसायटीमार्फत मिळे व त्याची वसुली उसाच्या बिलातून होई; त्यामुळे कर्ज देणारा निर्धास्त आणि घेणारा सावकाराच्या दारापासून मुक्त. हंगाम आटोपल्यावर साखर, मळी इत्यादींचा हिशेब होऊन जे उरे ते उसाच्या भावाच्या रूपाने सभासदांकडेच परत जाई. आणि निवडणुकीत पन्नास एकरवाल्यास एक मत, अर्ध्या एकरवाल्यासही एकच मत. कारखान्याच्या काट्यावर गाडी चढली की ती कोणत्या जातीच्या घरची, हे वजन सांगत नसे. आपल्या समाजातील अल्पभूधारकांनी त्या काळी प्रथमच एका मोठ्या संस्थेचे मालक म्हणून आपले नाव छापील यादीत पाहिले, हे विसरून चालणार नाही.

या धंद्यातील जाणती माणसे एक गोष्ट नेहमी सांगतात. साखर तयार होते ती शेतात. कारखाना ती फक्त बाहेर काढतो. उसात जी गोडी सूर्याने, पाण्याने आणि मातीने भरली नाही, ती कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही. म्हणून कारखान्याचा खरा कच्चा माल म्हणजे शेतकऱ्याची जमीन होय. जमिनीचा कस गेला की उतारा गेला, आणि उतारा गेला की कारखानाही गेला. शेतकरी आणि कारखाना यांच्या भागीदारीत माती ही तिसरी भागीदार आहे. तिला मत नाही, तिची सही लागत नाही. म्हणूनच तिचा हिस्सा द्यावयाचा राहून जातो.

सांगलीपाठोपाठ कराड तालुक्यात रेठरे बुद्रुक येथे, वाळवे तालुक्यात साखराळे येथे, वाई तालुक्यात भुईंज येथे असे सहकारी कारखाने उभे राहिले. प्रत्येकाचे शिल्पकार निराळे आणि थोर. परंतु एका कारखान्याचे यश पाहून दुसऱ्यास धीर आला, ही साखळी होती. कारखान्यांभोवती शाळा, दवाखाने, बँका आणि रस्ते आले. १९६७ साली भारत सरकारने दादांस पद्मभूषण किताबाने गौरविले.

पाण्याचा ध्यास

ऊस हे पाण्याचे पीक. आडसाली लागण सुमारे दीड वर्ष रानात उभी असते आणि तितका काळ तिला पाणी लागते. कृष्णा पायथ्याशी वाहते आहे आणि वरचे रान कोरडे आहे, हे दृश्य दादांनी लहानपणापासून पाहिले होते. नदीवर इंजिने व पुढे विजेच्या मोटारी बसवून, शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी पाणीपुरवठा संस्था काढाव्यात, कारखान्याने त्यांस पाठबळ द्यावे, या मार्गाने काठावरचे पाणी मैलोगणती आत गेले. एकट्याने जे नळ टाकता येत नव्हते ते शेकडो जणांनी मिळून टाकले.

१९७२ साली दादा राज्याच्या मंत्रिमंडळात पाटबंधारे खात्याचे मंत्री झाले. ते वर्ष महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाचे होते. धोम, वारणा यांसारख्या प्रकल्पांची कामे त्या काळात चालू होती. कृष्णा नदीच्या पाण्याचा वाद मिटविण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० अब्ज घनफूट पाणी दिले. हे पाणी धरणे बांधून प्रत्यक्ष वापरात आणणे ही निकडीची बाब होऊन बसली. १९७७ साली दादा मुख्यमंत्री झाले व १९७८ च्या जुलैपर्यंत त्या पदावर होते. १९८० साली ते सांगलीतून लोकसभेवर गेले आणि फेब्रुवारी १९८३ पासून जून १९८५ पर्यंत पुन्हा मुख्यमंत्री होते.

या दुसऱ्या कारकीर्दीतील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माण, खटाव, तर सांगलीच्या पूर्वेस जत, आटपाडी या तालुक्यांत पाचशे मिलिमीटरांच्या आसपासच. नदीकाठ उसाने हिरवा आणि पूर्वेची माणदेशी कुटुंबे मेंढरे घेऊन परमुलखास निघालेली, ही विषमता धरणांनी एकट्याने मिटणारी नव्हती. १९८३ साली राज्यात सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकासाचा कार्यक्रम सुरू झाला. डोंगरउतारावर समपातळीत बांध घालावे, नाल्यास बंडिंग करावे, पडणारे पाणी जागच्या जागी अडवावे व जमिनीत जिरवावे, ही मोहीम दादांनी स्वतःची मानली आणि त्या दोन शब्दांचा मंत्र घरोघरी पोचला. उसाच्या राज्याचा धनी म्हणून ज्यास लोक ओळखीत, त्यानेच कोरडवाहू रानाच्या ओलाव्याचा विचार राज्यापुढे मांडावा, यात मोठे औचित्य होते. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांकडे नेणाऱ्या ताकारी व म्हैसाळ या योजनाही १९८० नंतरच्या वर्षांत आकारास आल्या. त्यांचे पाणी प्रत्यक्ष शिवारात पोचण्यास पुढे फार वर्षे लागली, आणि ते पाहावयास दादा राहिले नाहीत.

१९८५ साली ते राजस्थानचे राज्यपाल झाले व १९८७ पर्यंत तेथे होते. १ मार्च १९८९ रोजी त्यांचे देहावसान झाले. सांगलीस कृष्णाकाठी त्यांची समाधी आहे.

दादांच्या पश्चात

सहकारी कारखान्यांच्या ऊसउत्पादक सभासदांनी १९७५ साली पुण्याजवळ मांजरी येथे डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट ही संशोधनसंस्था स्थापिली होती. दादांच्या निधनानंतर १९८९ साली तिला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. बेण्याची शुद्धता, माती-पाण्याची तपासणी, जिवाणू खते, साखर तयार करण्याचे तंत्र, या सर्वांचे शिक्षण तेथे एका छताखाली मिळते. शेतकरी आणि कारखाना यांनी मिळून शास्त्रज्ञ पदरी ठेवावा, ही कल्पना मोठी आहे. फलटण तालुक्यातील पाडेगावचे सरकारी ऊस संशोधन केंद्र तर त्याहूनही जुने, १९३२ सालचे. को ८६०३२ ही आपल्याकडे घरोघरी लावली जाणारी जात त्याच केंद्राने शेतकऱ्यांच्या हाती दिली.

आता हिशेबाच्या दुसऱ्या बाजूस यावयाचे. चरित्रलेखकाने केवळ जमेची बाजू लिहिली तर ती वही खोटी ठरते.

कृष्णाकाठची काळी जमीन खोल आणि चिकण. तिच्यात पाणी शिरते, पण निचरा सावकाश होतो. वर्षानुवर्षे उसास मोकाट पाणी दिले, पाण्याबरोबर रासायनिक खते दिली, आणि निचऱ्याचे चर काढलेच नाहीत, तर भूगर्भातील पाणी वर चढते व आपल्याबरोबर क्षार आणते. पृष्ठभागावर मीठ फुटते, रान पाणथळ किंवा चोपण होते, आणि जेथे एके काळी एकरी भरघोस टनेज निघे तेथे लव्हाळा माजतो. नीरा कालव्याच्या पट्ट्यात महाराष्ट्रास हा अनुभव फार पूर्वीच आला होता. तरीही मिरज, पलूस, वाळवा आणि शेजारच्या शिरोळ तालुक्यांत हजारो हेक्टर जमीन अशी नापीक झाली. दादांच्या पिढीपुढे पाणी आणण्याचे काम होते व ते त्यांनी भगीरथाच्या निष्ठेने केले. पाणी काढून देण्याचे काम त्याच निष्ठेने करणारी पिढी मात्र वेळेवर उभी राहिली नाही.

दुसरी नोंद अधिक कष्टाची आहे. ज्या सांगलीच्या कारखान्यास पुढे दादांचे नाव देण्यात आले, तो कर्जाच्या ओझ्याखाली सापडला आणि २०१७ साली, म्हणजे दादांच्या जन्मशताब्दीच्याच वर्षी, एका खासगी कंपनीकडे भाडेपट्ट्याने गेला. याची कारणे शोधावयाची हे ठिकाण नव्हे, आणि एकट्यादुकट्यावर दोष ठेवणे आम्हांस रुचतही नाही. एवढेच म्हणतो की, सभासदाने वार्षिक सभेस जाऊन ताळेबंद वाचणे सोडले, आणि शेअर म्हणजे केवळ स्वस्त साखर मिळण्याचे कार्ड अशी समजूत करून घेतली, तर कोणतीही सहकारी संस्था फार काळ तग धरीत नाही. मालकी ही एकदा पैसे भरून मिळणारी वस्तू नसून दर वर्षी वागणुकीने नवी करावयाची गोष्ट आहे.

आपण काय करावे

निराश होण्याचे मात्र कारण नाही. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने तेथील शेतकऱ्यांनी क्षारपड जमिनीखाली सच्छिद्र नळांचे जाळे टाकून साचलेले खारट पाणी ओढ्यापर्यंत वाहून नेले, आणि पडीक रानांत पुन्हा पिके उभी केली. या कामातील बोध ध्यानात घेण्याजोगा आहे. एका शेतकऱ्याने आपल्या रानात नळ टाकले तरी पाणी जाणार कोठे? खालच्या शेजाऱ्याने आपल्या बांधातून मुख्य नळ नेऊ दिला, त्याच्याही खालच्याने संमती दिली, सर्वांनी मिळून कर्ज घेतले व कारखान्याने पाठ राखली, तरच ते काम होते. ज्या एकजुटीने आजोबांनी नदीचे पाणी वर आणले, त्याच एकजुटीने नातवंडांस ते खाली उतरवावे लागणार आहे.

काळ बदलला आहे. आता खासगी कारखाने पुष्कळ झाले आहेत. २००९ पासून उसास रास्त व किफायतशीर दर कायद्याने ठरतो. मळीपासून मद्यार्क व इथेनॉल होते. सांगलीच्या बेदाण्यास व हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि द्राक्षे, डाळिंबे, भाजीपाला, मका यांची खरेदी करण्यास अन्नप्रक्रिया करणाऱ्या कंपन्या शेताच्या बांधावर येतात. आपल्या समाजातील काही तरुणांनी शेतकरी उत्पादक कंपन्याही काढल्या आहेत. या सर्वांचे आम्ही स्वागत करतो. मात्र कोणत्याही कारखान्याशी वा कंपनीशी करार करताना दादांच्या कार्यातून निघणारे तीन प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावेत. पहिला, वजन व प्रत ठरविणारा काटा कोणाच्या ताब्यात आहे आणि तो तपासण्याचा आपणांस हक्क आहे काय? दुसरा, माल विकून जो नफा उरेल त्यात पिकविणाऱ्याचा हिस्सा आहे, की भाव एकदाच ठरून नाते संपते? आणि तिसरा, या धंद्यात आपल्या मातीस काय परत मिळते? पाचट जाळले जाते की रानातच कुजविले जाते. मळीचे खत शेतात परत येते काय. पाणी पाटाने मोकाट देतो की ठिबकने मोजून. ताग-धैंचा गाडून किती वर्षे झाली. मातीची तपासणी शेवटची कधी केली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दादांच्या पिढीने मोठ्या कष्टाने मिळविली. तिसऱ्याचे उत्तर देण्याची पाळी आपली आहे.

मंडळाच्या येत्या वर्षाच्या कार्यक्रमात आमची एक नम्र सूचना आहे. विद्यार्थी गुणगौरव व वधूवर मेळावा यांच्या जोडीस सभासद शेतकरी कुटुंबांच्या माती व पाणी तपासणीची एक मोहीम मंडळाने हाती घ्यावी. ज्यांच्या जमिनी एकाच ओढ्याच्या पाणलोटात आहेत अशांनी, मग ते आपल्या ज्ञातीचे असोत वा नसोत, एकत्र बसून निचऱ्याचा विचार करावा. ओढा जात पाहून वाहत नाही. तेव्हा हे काम ज्ञातीच्या भिंतीआड होणारही नाही.

एक पोरका, अल्पशिक्षित मुलगा खांद्यात गोळी झेलून तुरुंगातून परत आला आणि त्याने आपल्या माणसांस सांगितले की, तुम्ही मालक होऊ शकता. लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि ते मालक झाले. ती मालकी टिकविणे, आणि ज्या मातीवर ती उभी आहे ती माती पुढच्या पिढीच्या हाती सकस देणे, हीच पद्मभूषण वसंतरावदादांस खरी श्रद्धांजली होईल, असे आम्हांस वाटते. दादांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आपली रजा घेतो.